जुन्या जीपचा खडखडाट : पाटे, पिना आणि बुश घरच्या घरी

आपल्या सातारा-सांगली भागात जुनी जीप दिसण्याआधी ऐकू येते. पाणंदीच्या वळणावर खडखड सुरू झाली की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसेसुद्धा गाडी कुणाची ते बिनचूक सांगतात. मालकही त्या आवाजाला इतका सरावतो, की तो गाडीचा स्वभावच आहे असे त्याला वाटू लागते. वाचकहो, तो स्वभाव नव्हे, तो आजार आहे. आणि बहुतेक वेळा तो मोठा नसतो. घरच्या अंगणात, दोघा-तिघांच्या मदतीने, दोन दिवसांत उरकण्यासारखा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी आमची जीप डावीकडे ओढू लागली. हळदीची पोती घालून सांगलीला जाताना स्टिअरिंग सारखे उजवीकडे धरून हात भरून येत. एका मिस्त्रींनी सांगितले, स्टिअरिंगचा बॉक्स गेला. दुसऱ्यांनी सांगितले, चारही पाटे नवे घाला. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, हिच्यावर आता पैसा घालायचा न्हाई. भंगारात घाला आन् मोकळं व्हा.” घरात आठ दिवस हाच विषय. शेवटी मी मोजपट्टी काढली आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजले. डावीकडे पाऊण इंच कमी भरले. मागचा डावा पाटा उघडला तर आतला सेंटर बोल्ट तुटलेला! करंगळीएवढा बोल्ट. तो तुटल्यामुळे मागचा आख त्या बाजूला पुढे सरकला होता, आणि गाडी बिचारी तिरक्या बैलासारखी चालत होती. त्या एका बोल्टापायी घरची गाडी भंगारवाल्याच्या दारात उभी राहणार होती.

म्हणून सांगणे असे, की गाडी विकण्याचा किंवा मोठा खर्च करण्याचा विचार मनात आला तर आधी खाली वाकून बघा. जुन्या गाडीत जाड लोखंड सहसा झिजत नाही. झिजतात ते सांधे.

तांगा आठवा

मिरज स्टेशनाबाहेरचे तांगे ज्यांना आठवतात त्यांना पाट्याचे काम वेगळे समजावून सांगायला नको. तांग्याच्या खाली पोलादी पट्ट्यांच्या कमानी असत. खड्ड्यात चाक गेले की कमान दबे, पण आत बसलेल्या माणसाला तेवढा दणका बसत नसे. १८०४ साली लंडनच्या ओबादाया इलियट यांनी घोडागाडीसाठी अशा कमानींचे पेटंट घेतले होते. पुढे मोटारीने हीच युक्ती उचलली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकन सैन्याकडे गेलेल्या जीपला चारही बाजूंना असेच पाटे होते. नंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा तेच पाटे आपल्याकडे आले. आपल्या गावांत अजून टिकून असलेल्या सीजे-३बी, एमएम ५४०, कमांडर या साऱ्या गाड्या त्याच वाणाच्या.

रचना साधी आहे. पाच-सात, कुठे दहा पट्ट्या एकावर एक रचलेल्या. सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना गोल डोळे. या पट्टीला आपण मेन पाटा म्हणू. पट्ट्यांच्या मधून आरपार सेंटर बोल्ट जातो आणि सगळा गठ्ठा यू-बोल्टांनी आखाला आवळलेला असतो. मेन पाट्याचा एक डोळा पिनेने चासीला पक्का, आणि दुसरा झोपाळ्यासारख्या लोंबत्या कडीला. ही कडी म्हणजे शॅकल. पाटा दबला की लांबतो, त्या लांबण्याला जागा मिळावी म्हणून हा झोपाळा. पिना आणि डोळे यांच्यामध्ये बुश असतो. गाडी हलते तेव्हा सगळी घासाघीस या बुशात होते, आणि आपण सर्वांत जास्त दुर्लक्ष करतो तेही याच बुशाकडे.

यातही आपल्या दोन जिल्ह्यांत दोन तऱ्हा आहेत. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पाऊस उदंड. तिथे पट्ट्यांच्या मध्ये पाणी शिरते, गंज धरतो, पट्ट्या एकमेकींना चिकटतात, आणि पाटा दबायचाच थांबतो. गाडी मग लाकडाच्या ओंडक्यासारखी आदळत चालते. उलट माण, खटाव, आटपाडी, जतकडे फुफाटा. बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळून तिची काचकागदासारखी लुगदी होते आणि ती पिना-बुश खाऊन टाकते. उसाच्या पट्ट्यात ओल्या चिखलाने ग्रीसचे निपल बंद होतात, आणि आपण ग्रीसगन लावून ‘ग्रीस गेले’ म्हणतो ते प्रत्यक्षात बाहेरच ओघळते. ग्रीस पोचले की नाही याची खूण एकच : बुशाच्या दोन्ही कडांतून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन मागून नवे दिसले पाहिजे.

आधी नाडी बघा

खळ्यावर किंवा सपाट फरशीवर गाडी उभी करा. रिकामी. चारही टायरांत सारखी हवा. आता पुढे-मागे दोन्ही बाजूंना जमिनीपासून चासीपर्यंत उंची मोजा आणि वहीत लिहा. मग चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर, दोन्ही बाजूंचे. (सीजे-३बी असेल तर ते ८० इंच भरायला हवे.) घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर वही तिच्याकडे द्या. आमच्या घरी नववीतल्या पुतणीने आकडे असे नेटके लिहिले, की पुढे काम करताना तीच आम्हाला चुका दाखवू लागली.

नंतर पहार घ्या. पाट्याच्या डोळ्याखाली टेकवून हलकेच उचला. पिनेभोवती खटकन हालचाल दिसली तर बुश गेला. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडे डावे-उजवे हलवावे, दुसऱ्याने खाली बसून शॅकलवर नजर ठेवावी. चाक वळण्याआधी शॅकलच आडवे सरकत असेल, तर स्टिअरिंगच्या बॉक्सला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढची चाके ठरावीक वेगाला थरथरत असतील तर आणखी एक परीक्षा करा. पुढचे चाक जमिनीवरून उचला, टायर वरून आणि खालून धरून हलवा. खेळ लागला तर आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर चाकाची बेअरिंग ढिली. तसाच राहिला तर किंगपिनचा सांधा झिजला. मिस्त्रीकडे जाताना एवढे माहीत असले की निम्मा खर्च वाचतो.

जॅकवर विश्वास ठेवू नका

इथे जरा थांबतो, कारण या लेखातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा, जाऊ नका. आमच्या अंगणात जॅक घसरला. जमीन वरून टणक दिसत होती, पण आदल्या आठवड्यात तिथे पाणी मुरले होते. मी खालीच होतो. काढलेले चाक सवयीने चासीखाली आडवे सारून ठेवले होते, त्यावर गाडी टेकली आणि माझ्या छातीवर यायची ती वितीभर वर थांबली. भाऊ ओरडला तेव्हा मला कळले.

जॅकखाली जाड फळी घाला. उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी उचलल्यावर चासीखाली लोखंडी घोडी किंवा बाभळीचे जाड, सपाट कापलेले ओंडके द्या आणि भार त्यांच्यावर उतरवा. विटा नकोत, सिमेंटचे ठोकळेही नकोत. ते न सांगता फुटतात. त्यावर काढलेले चाक चासीखाली सारून ठेवा. लहान मुलांना त्या दिवशी अंगणात खेळू देऊ नका.

पाटा उतरवणे

आदल्या संध्याकाळी सगळे नट-बोल्ट तारेच्या ब्रशाने घासून त्यांवर डिझेल आणि जुने इंजिन ऑइल मिसळून सोडा. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलने भागते. रात्रभर मुरले की सकाळी निम्मे नट मुकाट्याने सुटतात. आणि काढण्याआधी मोबाइलवर प्रत्येक बाजूचे फोटो घेऊन ठेवा. आमच्या वडिलांच्या वेळी ही सोय नव्हती. ते पत्र्यावर खडूने चित्र काढून ठेवत.

चासी घोडीवर आणि आखाचा भार जॅकवर, अशी मांडणी झाली की यू-बोल्टांचे नट सोडा, मग पिना काढा, मग शॅकल. फार जुन्या विलीज पद्धतीच्या जीपला शॅकल आट्यांचे असतात आणि त्यांतले काही उलट्या आट्यांचे. बुशाच्या षटकोनी डोक्याभोवती कोरलेली खाच दिसली तर तो उलट्या आट्यांचा समजा. हे ठाऊक नसल्याने कितीतरी जणांनी घणाचे घाव घालून चांगले शॅकल मोडले आहेत.

गठ्ठा बाहेर आला की सेंटर बोल्ट काढण्याआधी तो शिकंज्यात किंवा दोन मजबूत क्लँपांत आवळून धरा. पट्ट्या दाबात असतात. बोल्ट सुटताच उसळून हाताला लागतात. क्लँप हळूहळू ढिला करा आणि प्रत्येक पट्टीवर खडूने क्रमांक आणि पुढची बाजू लिहा.

आता पट्ट्या घासून स्वच्छ करा. जिथे खालच्या पट्टीचे टोक वरच्या पट्टीला घासते तिथे खाच पडलेली दिसेल. उथळ असेल तर पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासून मऊ करा, आडवे कधीही नको, कारण आडव्या ओरखड्यातूनच चीर सुरू होते. खोल खाच असेल तर ती पट्टी बदला.

चीर डोळ्याला दिसत नसेल तर एक जुनी युक्ती आहे, पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांतही ती चालत असे. पट्टीला डिझेलमिश्रित तेल चोपडून अर्धा तास ठेवा. मग कापडाने कोरडी पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर आत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. सेंटर बोल्टाच्या भोकाभोवती आणि डोळ्याच्या वळणावर ही परीक्षा नक्की करा. आमच्या चौथ्या पट्टीवर अशी केसाएवढी रेघ निघाली. दिवाळीत माणसे भरून घाटात गेलो असतो तर कळले असते.

भट्टी आणि वेल्डिंग

पाटा बसला, म्हणजे त्याची कमान कमी झाली, की पुष्कळजण तो गावातल्या भट्टीवर नेतात. लाल तापवून, ठोकून, वाकवून घेतात. दिसायला कमान येते, पण पोलादाचे पाणी उतरते. महिन्याभरात पाटा पुन्हा सपाट होतो, नाहीतर तुटतो. आमच्या शेजारगावचे एक वृद्ध लोहार मला म्हणाले, “पाव्हणं, नांगराचा फाळ मी तापवीन, कुऱ्हाड तापवीन. मोटारीचा पाटा न्हाई तापवायचा. त्याचं पाणी कुणी अन् कसं दिलंय, मला काय ठावं?” ज्याला आपल्या कामाची हद्द कळते तो खरा कारागीर, असे मला वाटते.

कमान द्यायचीच असेल तर मोठ्या गावातल्या पाटेवाल्याकडे जा. तो पट्टी न तापवता, थंड असतानाच, ऐरणीवर ठोकत ठोकत कमान देतो. आणि हे काम जोडीने करा. डावा नवा आणि उजवा जुना असे केले की गाडी लंगडते. वेल्डिंगचे तर नावच काढू नका. तुटलेल्या पट्टीला वेल्डिंग मारले की सांध्याच्या शेजारी ती ठिसूळ होते आणि पुढच्या खड्ड्यात तिथेच मोडते.

बुश बसवणे

खरे घरचे काम हेच. जुना बुश ठोकून काढू नका. एक लांब बोल्ट घ्या. डोळ्याच्या एका बाजूला बुशापेक्षा मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बुशापेक्षा जरा लहान वायसर, मधून बोल्ट, आणि नट आवळत जा. बुश गुपचूप पाइपात सरकतो. नवा बसवायचा तर हीच कृती उलटी. रबरी बुशाची बाहेरची लोखंडी नळी अडकली तर हॅकसॉच्या पात्याने आतून सावकाश एक चिरा द्या, की ती मिटते. काहीजण रबर जाळून काढतात. घाण धूर होतो तो होतोच, शिवाय डोळा तापून मेन पाट्याचे पाणी जाते.

पितळी किंवा गनमेटलचा बुश असेल तर मिरज-कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे लेथवाले आहेत, नवी पिन सोबत नेऊन तिच्या मापाने करून घ्या. पिन मात्र साध्या सळईची करू नका. ती कठीण केलेल्या पोलादाचीच हवी, नाहीतर एका हंगामात धनुष्यासारखी झिजते. पिनेला पायरी लागलेली बोटाला जाणवली तर ती टाकून द्या, नव्या बुशात जुनी पिन घालणे म्हणजे पैसे पाण्यात. उलट आट्यांच्या बुशात शॅकल घातले की ते हाताने पुढे-मागे हलले पाहिजे. बुश दाबून आवळला की झोपाळा जाम होतो.

रबरी बुशाला ग्रीस लावू नका. तेलाने रबर फुगते. साबणाचे पाणी लावा, सुळकन जातो. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, इथे मिस्त्री लोकसुद्धा चुकतात. रबरी बुशाचे बोल्ट गाडी वर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर खाली उतरवा, भार पाट्यावर येऊ द्या, मग आवळा. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि चार महिन्यांत फाटते. मग दुकानदार नकली माल देतो म्हणून आपण बोंब मारतो.

पट्ट्या परत रचताना मध्ये ग्रॅफाइटच्या ग्रीसचा पातळ हात द्या. थापू नका. पट्ट्यांच्या घर्षणानेही गाडीचे उसळणे थोडे आवरते, शिवाय जादा ग्रीस धूळ ओढते. सेंटर बोल्ट नवाच घ्या, यू-बोल्टही नवे. एकदा ताणलेल्या यू-बोल्टाचे आटे पुन्हा तशी पकड धरत नाहीत. सेंटर बोल्टाचे डोके आखावरच्या गादीच्या भोकात नीट बसले का ते बोटाने चाचपून पाहा, आणि मगच यू-बोल्टांचे चारही नट थोडे थोडे, समोरासमोरचे, आवळत आणा.

शॉकअप सुटलेले असतानाच तपासून घ्या. उभे धरून ओढा आणि दाबा. दोन्हीकडे जड, एकसारखा विरोध हवा. मध्येच हलके जात असेल किंवा तेल गळत असेल तर जोडीने बदला.

किंगपिन, टायरॉडची टोके, चासीला गेलेली चीर, हे घरचे काम नाही. किंगपिनच्या बेअरिंगला पातळ चकत्या घालून ताण बसवावा लागतो. कुठे दुखते ते आपण शोधावे, उपाय जाणत्या मिस्त्रीने करावा.

आपल्या भागाला लोखंड परके नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढला, आज आपण त्या जागेला किर्लोस्करवाडी म्हणतो. २०२१ च्या डिसेंबरात कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने भंगारातल्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी, छोटी जीप बनवली. देशभर तिचे कौतुक झाले. आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. पण ती छोटी गाडी रस्त्यावर चालवण्याच्या नियमांत बसत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते. तेव्हा उंची वाढवणे, मूळ रचना बदलणे असले हौशी उद्योग घरच्या गाडीवर नकोत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तिथे गाडी तपासली जाते, आणि ढिला आख लपत नाही.

आमचे काम दुसऱ्या दिवशी दिवे लागणीला संपले. मी गाडी मळ्यापर्यंत नेऊन परत आणली. दारात उतरलो तर आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “चालत आलास व्हय? गाडी कुठं ठेवलीस?”

वहीत पुतणीने दोन्ही बाजूंची अंतरे पुन्हा लिहून घेतली. सारखी भरली. दीडशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत तपासले, तर प्रत्येक नट पाव-अर्धा फेरा गेलाच.